हवा भरणारा माणूस

हे मी लिहावं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. माझी मराठी बहरीनमध्ये, नईम भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईबाबांच्या वाशिमकडच्या बोलण्यातून आली, आणि शाळा सगळी इंग्रजीत झाली. कुणाबद्दल लिहायचं तर तो माणूस आपल्याला नीट कळलेला असावा लागतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते मला पुरते कळले होते असं मी म्हणू शकत नाही. शिवाय त्यांना हे आवडलं नसतं. कुणी त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागलं की ते उठून कॉम्प्रेसर सुरू करायचे, म्हणजे पुढचं काही ऐकूच यायचं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांची आणि त्यांची, दोघांची आधीच माफी मागतो.

त्यांचं नाव लिहीत नाही. सलमाबादच्या गॅरेजांच्या गल्लीत सगळे त्यांना खालू म्हणत. खालू म्हणजे मावशीचा नवरा. खरं तर ते एकाच माणसाचे खालू होते. त्यांच्या मेहुणीचा मुलगा बाब अल बहरीनजवळच्या बाजारात कापडाच्या दुकानात होता, तो त्यांना खालू म्हणायचा. त्याचं ऐकून गॅरेजवाले मल्याळी, वेल्डिंगवाले पंजाबी, आणि हवा भरून घ्यायला येणारे गोरे आणि बहरीनीसुद्धा त्यांना खालूच म्हणायला लागले. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. आमच्या घरची मराठी आणि त्यांची मराठी यांची पहिल्या दिवशी ओळखच पटेना. ते 'मला' ऐवजी 'मना' म्हणायचे. माझ्या 'करून राहिलो' वर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

त्यांचं काम हवा भरण्याचं होतं. पाणबुडे पाण्याखाली श्वास घ्यायला ज्या टाक्या लावतात, त्या भरायच्या, तपासायच्या, त्यांचे व्हॉल्व्ह खोलून साफ करायचे. एका गॅरेजच्या मागची पत्र्याची खोली, एक कॉम्प्रेसर, पाण्याचा हौद, आणि उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसलेले खालू. भरलेल्या प्रत्येक टाकीचा व्हॉल्व्ह ते किंचित उघडायचे, नाकाशी ओंजळ धरायचे आणि डोळे मिटून हुंगायचे. "वास नाय," म्हणायचे. त्यांच्याकडून एवढंच प्रमाणपत्र मिळायचं. टाकीवर चिकटपट्टी लावून तिच्यात कोणती हवा आहे आणि ती किती खोलीपर्यंत चालेल, हे मात्र ते स्वतः कधी लिहीत नसत. मोजून घ्यायला लावायचे आणि पेन पुढे करायचे. "ज्याच्या छातीत जाणार त्याच्या हातान लिवायचा."

टाकी कधी पूर्ण रिकामी करायची नसते, नाहीतर आत दमट हवा शिरते आणि गंज धरतो. हा नियम सगळ्या पाणबुड्यांना माहीत असतो. खालूंनी तो चहालाही लावला होता. काळा सुलेमानी चहा प्यायचे आणि ग्लासात दोन घोट ठेवायचे, कायम. पाण्याच्या बाटलीतही तेच. गल्लीतला हॉटेलवाला त्यांना म्हणायचा, "खालू, आपका दो घूँट जमा करके मैं एक दिन पूरा चाय बनाऊँगा."

दुसरा नियम तीन हिश्शांचा. हवेचा एक हिस्सा जायला, एक परत यायला, आणि तिसरा आपल्या जोडीदारासाठी, त्याचं काही बिघडलं तर. हाही पुस्तकातला नियम आहे. पण खालू दुपारच्या खुबूसच्या रोटीचेही तीन तुकडे करायचे. एक खायचे, एक संध्याकाळसाठी कागदात गुंडाळायचे आणि तिसरा बाजूला ठेवायचे. त्या वेळी जो कुणी दारात येईल त्याला तो घ्यावा लागायचा. एकदा मोठ्या गाडीतून आलेले एक बहरीनी गृहस्थ हातात कोरडी रोटी घेऊन उभे होते. मी विचारलं, "खालू, यांना कशाला?" म्हणाले, "तिसरा हिस्सा आपला नसतो. मग कोणाचा, ता इचारायचा नाय."

आणि तिसरी गोष्ट, स्टूल.

ते समजण्यासाठी थोडं सांगावं लागेल. खोल जाणाऱ्याला एक टाकी चालत नाही. खोलवरून सरळ वर येता येत नाही. ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत यावं लागतं, आणि मध्येच एकुलती एक टाकी बिघडली तर माणसाजवळ काही उरत नाही. म्हणून दोन टाक्या, आणि प्रत्येकीला तोंडात धरून श्वास घ्यायचा आपापला रेग्युलेटर. त्या कशा बांधायच्या यावर पाणबुड्यांची भांडणं होतात. एक पद्धत म्हणजे दोन्ही पाठीवर, एकमेकींना नळीने जोडलेल्या. एका बाजूचं बिघडलं तर ती बाजू बंद करायची, दोन्ही टाक्यांतली हवा दुसऱ्या बाजूने मिळत राहते. पण व्हॉल्व्ह डोक्यामागे असतात, दिसत नाहीत. हात मागे नेऊन चाचपून बंद करावे लागतात. दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही कुशींना एकेक, सुट्या. व्हॉल्व्ह छातीजवळ, डोळ्यांपुढे येतात. पण जी टाकी गेली तिच्यातली हवा गेली, आणि दोन्हींतून आलटून पालटून श्वास घेण्याचं भान ठेवावं लागतं. बोटीवर लाटांमध्ये चढतानाही त्यांचा त्रास होतो.

कोणती चांगली, असं विचारलं की खालू उत्तर द्यायचे नाहीत. स्टूलकडे बोट करायचे.

दाराजवळ एक लाकडी स्टूल होतं. खोल जाणारा कुणीही आला की त्याला त्याच्या टाक्यांसकट त्यावर बसवायचं, हातमोजे घालायला लावायचे, डोळे मिटायला लावायचे, आणि वर डोक्यावर ओला टॉवेल टाकायचा. मग खालू मागून एका बाजूची हवा सोडायचे. फुस्स आवाज सुरू झाला की ओरडायचे, "यल्ला!", म्हणजे चल, "कुठला हात?" माणसाने आधी तोंडाने सांगायचं, डावा की उजवा, आणि मग त्याच हाताने तो व्हॉल्व्ह बंद करायचा. गोऱ्यांना विचारताना "विच हॅन्ड?" आणि बहरीनींना अरबीत. वयाचा, पदाचा काही मुलाहिजा नाही. एक उंच डच इंजिनिअर कुशीच्या टाक्या नव्याने घेऊन आला होता, कुणाचे तरी व्हिडिओ बघून. खालूंनी त्याला आधी पाठीवरच्या जोडीने बसवलं. त्याचे हात इतके सहज मागे पोचले की खालूंनी कपाळावर हात मारून घेतला. "यू, बॅक! खजुराच्या झाडासारके हात हायत, आणि बगलेत टाक्या घेऊन फिरतोय!" तो डच माणूस नंतर दर महिन्याला येऊन स्टूलवर बसायचा, न सांगता.

लोक हे सहन का करत, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. पुढे वाटलं नाही.

अजून एक. त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव, फोन याच्या पुढे एक रकाना होता, त्यावर त्यांनी वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोरी'. जुन्या काळी इथले लोक मोत्यांसाठी समुद्रात उतरायचे तेव्हा बुडी मारणाऱ्याची दोरी बोटीवर एक माणूस धरून बसायचा. त्याला सैब म्हणत. खालून झटका आला की तो ओढून घ्यायचा. खालूंनी हे एका म्हाताऱ्या बहरीनी शेजाऱ्याकडून ऐकलं होतं. "सैबला पाणी दिसत नाय, मोती दिसत नाय, काय नाय. पण दोरी त्याच्याकडं." म्हणून प्रत्येकाने लिहायचं, आपली दोरी कुणाच्या हातात आहे. लोक बायकोचं नाव लिहीत, मित्राचं लिहीत. मी बाबांचं नाव आणि नईमचा पत्ता लिहिला होता. त्याचं पुढे काय होईल याची मला कल्पना नव्हती.

आता माझी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय त्यांची पुरी होत नाही.

आमच्या प्रोफेसरांचा तांबड्या समुद्रात खोलवरच्या प्रवाळाची पाहणी करण्याचा एक प्रकल्प होता. बहरीनचा समुद्र उथळ, इथे फक्त सराव होतो. दोन विद्यार्थी निवडले, त्यात मी. खर्च कॉलेजचा. अट एकच, खोल बुडीचं प्रशिक्षण पूर्ण करायचं. बाबा एसी मेकॅनिक आहेत. त्यांनी विहारात वंदनेनंतर सगळ्यांना सांगितलं, आमचा पोरगा इजिप्तला चालला, समुद्राच्या खाली अभ्यास करायला. घरात इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. ती जागा माझ्या हातून जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आताही येत नाही.

आणि माझा डावा खांदा पूर्ण वर जात नव्हता.

सोळाव्या वर्षी सुट्टीत बाबांबरोबर कामाला गेलो होतो. गच्चीवर एसीचा बाहेरचा युनिट बसवताना तो सरकला, मी डाव्या हाताने धरला. युनिट वाचला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी बाबांना सांगितलं, थोडं आखडलंय. त्यांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं, म्हणून मी ते आखडलंयच ठेवलं. सहा वर्षं.

कॉलेजने दिलेली टाक्यांची जोडी पाठीवरची होती. डावा व्हॉल्व्ह डाव्या हाताने. मी एक युक्ती शोधली होती. उजव्या हाताने टाक्या खालून वर ढकलायच्या, पट्टे जरा सैल ठेवायचे, मान वाकवायची, की डाव्या हाताची बोटं व्हॉल्व्हला कशीबशी टेकायची. तलावातल्या चाचणीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी हे कौतुकाने सांगत नाही. माझ्यासारखे पुष्कळ जण असंच करतात, येत नाही म्हणायची लाज वाटते म्हणून.

शेवटच्या सराव बुडीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, मी जोडी भरायला घेऊन गेलो. त्याआधी एकट्या टाक्या घेऊन कितीदा तरी गेलो होतो, पण जोडी पहिल्यांदाच. त्यामुळे स्टूलही पहिल्यांदाच. डोक्यावर टॉवेल, मागे फुस्स.

"यल्ला कॉलेज! कुठला हात?"

"डावा."

"मग ने."

मी नेला. उजव्या हाताने खालून ढकललं. खालूंनी माझं उजवं मनगट पकडलं.

"आणि हा? हा खाली काय करतोय?"

"टाकी जरा वर घेतोय."

"पाण्यात हवा सुटली की हा कुठं असणार?"

मी बोटं व्हॉल्व्हकडे ताणत राहिलो.

"तोंडापाशी असणार. दुसरा रेग्युलेटर तोंडात घालायला. मग टाकी कोण ढकलणार, तुझा प्रोफेसर?" त्यांनी मनगट सोडलं नाही. "आता ने."

हात कानाच्या वर गेला नाही.

"सूट घट्ट आहे, खालू."

"काढ."

काढला. तरी नाही.

"आज आखडलाय. रात्री वाकडा झोपलो."

"किती वर्सं वाकडा झोपतोयस रे?"

त्यांनी टॉवेल काढला, टाक्या माझ्या पाठीवरून उतरवल्या, दारामागे ठेवल्या आणि साखळीला कुलूप लावलं. "हवा नाय मिलणार. खलास."

मी काय म्हणालो ते लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "तुम्ही ठरवणारे कोण? इन्स्ट्रक्टर आहे, सर आहेत. तुम्ही साधे हवा भरणारे."

ते रागावले नाहीत. "हा," म्हणाले, "हवा भरणारा. खाली तू जी घेणार ती मी भरलेली. शेवटची घेशील ती पण मीच भरलेली. मना ती भरायची नाय."

मग त्यांनी हात पुसले, पिंपावर ठेवलेला रोटीचा तिसरा तुकडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. निघून आलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही नाश्ता करत होतो. जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज आला. दार उघडलं तर खालू, जुम्मासाठीचा पांढरा झब्बा घातलेले, धापा टाकत. एका हातात ते लाकडी स्टूल. मागे त्यांचा भाचा, दोन्ही खांद्यांवर दोन जुन्या टाक्या, घामाघूम. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

"दोरी कोणाकडं हाय?" खालूंनी विचारलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाची दोरी म्हणून राहिले ते?"

त्यांनी बाबांना हात जोडले. "भाऊ, रजिस्टरात यानं तुजा नाव लिवलाय. म्हणून तुज्याकडं आलो. कॉलेजला पत्र लिवायला मना येत नाय, आणि येत असता तरी लिवला नसता. पोरगा तुजा हाय."

आणि त्यांनी मला हॉलमध्ये, टीव्हीपुढे, त्या स्टूलवर बसवलं आणि म्हणाले, "डावा हात मागं ने."

बाबा बघत होते. हात कानापाशी थांबला. बाबा इतका वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिले की मला मान वर करता येईना.

"तो युनिट," बाबा म्हणाले.

"हो."

"काहून नाही सांगतलं बे मले?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मंग आता काय बरं वाटून राहिलं का मले?"

आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाला. भाच्याने टाक्या हळूच जमिनीवर ठेवल्या आणि उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. खालूंनी मात्र फार वेळ जाऊ दिला नाही. "भाऊ, दोन रस्ते हायत," ते म्हणाले. "पोराला थांबव. नायतर टाक्या कुशीला बांध, पुन्यानं शिकू दे. तिसरा नाय. तू सांग."

बाबांनी माझ्या शिक्षणातलं काही कधी तपासलं नव्हतं. ते सहावी शिकलेले. माझी प्रगतिपुस्तकं ते सही करायला घ्यायचे तेव्हा हात आधी पुसायचे. पण व्हॉल्व्ह आणि दाब म्हणजे त्यांचं रोजचं काम. ते जमिनीवर बसले, टाकी आडवी केली, व्हॉल्व्ह उघडून बघितला, बंद केला. "दोन्ही सुट्या? मधी नळी नाही?"

"नाय."

"मंग एक लीक झाली तं तिच्यातली हवा गेलीच."

"गेली. म्हणून तीन हिश्शांचा हिशेब ठेवायचा."

"अन् बंद करायले दिसते का?"

"तोंडाफुडं."

बाबा उठले आणि म्हणाले, "चाचा, मले बांधा आधी." आणि खरोखर, बनियनवर, बाबा त्या स्टूलवर बसले, दोन्ही कुशींना टाक्या, डोक्यावर आमच्या न्हाणीघरातला ओला टॉवेल. खालू ओरडले, "यल्ला! कुठला हात?" बाबांनी "डावा!" अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली. आई रडत होती ती हसायला लागली. बाबांनी आठ-दहा वेळा व्हॉल्व्ह बंद केले, उघडले. मग टॉवेल काढून म्हणाले, "याले बसवा आता. इथं हात पोचते."

आईने चहा केला. खालूंनी दोन घोट ठेवले. ते गेल्यावर आई हिरमुसून म्हणाली, "चहा नाही आवडला वाटते त्यायले." मी तिला समजावून सांगितलं. तो ग्लास तिने बराच वेळ धुतला नाही.

रविवारी बाबांनी अर्धी लीव्ह टाकली आणि माझ्याबरोबर प्रोफेसरांकडे आले. मी खरं ते सांगितलं. प्रोफेसर चांगले माणूस आहेत, पण त्यांनाही नियम होते. माझ्या जागी राखीव विद्यार्थ्याचं नाव घातलं गेलं. चार आठवड्यांत कुशीच्या टाक्यांचं प्रशिक्षण पुरं झालं तर जागा माझी, नाहीतर त्याची. बाबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "चार हप्ते लय होतात."

ते चार आठवडे समुद्रात मी इन्स्ट्रक्टरबरोबर होतो आणि बाकीचा वेळ स्टूलवर. आता माझं दुखणं वेगळं निघालं. व्हॉल्व्ह समोर होता, दिसत होता, डावा हात सहज पोचत होता. पण सहा वर्षं मी डावा खांदा सांभाळला होता. आवाज झाला की तो अंग चोरायचा आणि उजवा हात आडवा धावायचा. खालू त्यावर ओल्या टॉवेलचा फटका मारायचे. "उजवा तोंडाला! डाव्याला डावा! हा हात तुजाच हाय ना, का पावणा हाय?" दहातून पाच वेळा बरोबर यायचं. मग सात. दहातून दहा त्यांनी कधी पाहिलं नाही. इन्स्ट्रक्टरने मला पास केलं, प्रोफेसरांनी यादीत नाव परत घातलं, पण खालूंनी 'वास नाय' म्हटल्यासारखं काही म्हटलं नाही.

त्याच सुमारास त्यांचा व्हिसा संपत आला होता, ते कायमचे गावी परत निघाले होते. छातीचा त्रासही वाढला होता. माणसांची हवा तपासणाऱ्याला स्वतःची पुरेनाशी झाली होती, पण यावर कुणी बोललं की कॉम्प्रेसर सुरू. शेवटच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा ते स्टूल पुसत होते. ते त्यांनी गॅरेजवाल्याला दिलं नाही, मला दिलं. मी खूप तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "खालू, त्या दिवशी मी जे बोललो, साधे हवा भरणारे..."

त्यांनी कॉम्प्रेसर सुरू केला.

मी त्या आवाजात बोलत राहिलो. माफी मागितली, आभार मानले, बाबांचं सांगितलं, सगळं. त्यांना ऐकू आलं नसणार. त्यांनी रोटी मोडली, तिसरा तुकडा पुढे केला, आणि या वेळी मी तो तिथेच उभा राहून खाल्ला.

तांबड्या समुद्रात, पाहणीच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यात खोल असताना माझा डावा रेग्युलेटर अडकला आणि त्यातून हवा सुसाट सुटायला लागली. तोंडात घेतलेला तोच होता. डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. मला भीती वाटली का, आठवत नाही. मला टॉवेलचा ओला वास आला एवढं आठवतं. उजव्या हाताने मी दुसरा रेग्युलेटर तोंडात घातला होता आणि खाली छातीजवळ व्हॉल्व्ह फिरत होता, बंद झाला होता. बुडबुडे थांबले. जोडीदाराने खूण केली, आम्ही थांबत थांबत वर आलो. उजव्या टाकीतली हवा पुरली. तिसरा हिस्सा त्या दिवशी माझाच निघाला.

बोटीवर आठवडाभर नेटवर्क नव्हतं. बंदरात आल्याबरोबर मी बाबांना फोन केला. मग खालूंसाठी आवाजी निरोप पाठवला. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, म्हणून भाच्याला. घाईत सगळं सांगितलं, कुठे, कसं, किती खोल, वर कसे आलो. निरोप ऐकल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. बहरीनला परत आलो आणि बाब अल बहरीनला गेलो, तर दुकानात दुसराच माणूस. म्हणाला, तो इमर्जन्सी लीव्हवर गावी गेलाय. फोन बंद. मी दर दोन दिवसांनी जात राहिलो.

जवळजवळ दोन आठवड्यांनी भाचा दिसला. कापडाचे तागे रचत होता, दाढी वाढलेली. मला बघून त्याने तागा खाली ठेवला.

"खालू गेले, भावा," तो म्हणाला. "तुझा मेसेज आला त्याच्या तिसऱ्या दिवशी."

त्याने आतून स्टूल आणलं, बसायला. मी बसलो नाही. विचारलं, "मेसेज त्यांनी ऐकला?"

"तीनदा. बोलायला त्रास होत होता. कानाशी धरला मी फोन. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, 'कुठला हात?'" भाच्याने माझ्याकडे बघितलं. "तू त्यात सांगितलंच नव्हतंस. मी म्हटलं, विचारून सांगतो. तर मानेनं नको म्हणाले, म्हणजे आत्ताच सांग. तरी तुला फोन लावून बघितला, तू विमानात असशील, लागला नाही. मग मी आपलं म्हटलं, डावा."

"मग?"

"मग काय, डोळे मिटले. म्हणाले, 'वास नाय.' मला काय ते कळलं नाही. घरातल्यांना वाटलं भ्रमात बोलतायत." त्याने तागा परत उचलला, तसाच धरून राहिला. "मी उगाच खोटं तर नाही ना सांगितलं त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. "डावाच होता."